20 डिग्री पाणी मुंबईच्या नळाला येत नाही

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुण्यावरचा लेख वाचला, मस्त होता, पोरंपोरी परत रोलकडे वळतायत हे बघून बरं वाटलं. पण नवशिक्याने कुठलाही डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) घ्यावा, 20 डिग्रीला ठेवावा आणि दिलेली वेळ पाळावी, एवढं सांगून लेख पुढे सरकला तिथे मी अडकलो. अहो 20 डिग्री आणायचं कुठून? मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात थर्मामीटर बुडवा, 30 च्या आसपास दिसेल, ऑक्टोबरातही फार वेगळं नाही. आणि कुठला डेव्हलपर घ्यायचा याचं निम्मं उत्तर त्या आकड्यातच आहे.

कसं ते सांगतो. पाणी जितकं गरम तितका डेव्हलपर भराभर काम करतो, म्हणजे वेळ कमी करावी लागते. इलफर्डचा एचपी5 रोल आयडी-11 मध्ये नुसता, पाणी न घालता धुतला तर 20 डिग्रीला साडेसात मिनिटं लागतात. तोच 28 डिग्रीला धुवायला गेलात तर वेळ चार मिनिटांच्याही आत येते, आणि पाच मिनिटांच्या खाली गेलं की भानगड सुरू होते, कारण टँकमध्ये, म्हणजे रोल धुवायच्या बंद डब्यात, ओतायला आणि काढायलाच अर्धं मिनिट जातं, नवख्याचा हात तर अजून हळू, मग आकाशात पट्टे नाहीतर कडेला डाग. तेच आयडी-11 मध्ये तेवढंच पाणी घातलं, म्हणजे 1+1 केलं, की 20 डिग्रीला वेळ होते 13 मिनिटं, 24 ला सव्वानऊ-साडेनऊ आणि अगदी 28 ला गेलं तरी सहाच्या वरच राहते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, मुंबईत शिकणाऱ्याने कोडॅकचा डी-76 नाहीतर इलफर्डचा आयडी-11 घ्यावा (दोघं जवळजवळ सख्खे भाऊ, वेळा मात्र ज्याच्या त्याच्या तक्त्यातूनच बघायच्या) आणि तो 1+1 करून वापरावा, एकदा वापरला की ओतून टाकावा. डी-76 1920च्या दशकापासून चालत आलाय, बाजारातल्या बहुतेक सगळ्या रोलची वेळ त्याच्यासाठी छापलेली सापडते, ग्रेन (फोटोत दिसणारे दाणे) माफक, आणि थोडं मागेपुढे झालं तरी निगेटिव्ह वाया जात नाही.

1+1 चा अजून एक फायदा आहे जो लेखात यायला हवा होता. घालायचं पाणी फ्रिजमधलं घ्या! बाटलीतला स्टॉक (पावडर कालवून केलेलं मूळ द्रावण) 30 डिग्री आणि फ्रिजचं पाणी 10 डिग्री, सारखं सारखं मिसळलं की बरोब्बर 20 च्या जवळ येतं, बर्फाची झटापट नको. पस्तीस एमएमच्या एका रोलच्या टँकला साधारण 300 एमएल लागतं, म्हणजे दीडशे स्टॉक, दीडशे पाणी. मग टँक गार पाण्याच्या टबात उभा ठेवायचा, नाहीतर तेरा मिनिटांत ते परत तापायला लागतं, आणि हलवताना टँक तळहातात धरून बसायचं नाही, वरून बोटांनी धरायचा. दादासाहेब फाळक्यांच्या दादरच्या घरी 1912-13 च्या सुमारास त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वतः फिल्म धुवायच्या, तेव्हा तर फ्रिजही नव्हता, त्यांनी उन्हाळ्यात काय केलं असेल देव जाणे.

आता पावडरचा त्रास. पाकिटावर लिहिलेल्या तापमानाच्या गरम पाण्यात कालवावी लागते, पंखा बंद, तोंडाला मास्क, हातात ग्लोव्हज, कारण यातल्या मेटॉल नावाच्या रसायनाची काहींच्या कातडीला अॅलर्जी येते. स्वयंपाकाचं भांडं, चमचा अजिबात नाही. आणि पाकीट एकदम पूर्णच कालवायचं, अर्धी पावडर आज आणि अर्धी पुढच्या महिन्यात असं चालत नाही, आत वेगवेगळे पदार्थ असतात, अर्ध्यात कुठला किती आला ते कळत नाही, शिवाय आपल्या दमट हवेत उघडं पाकीट ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. एक लिटर स्टॉकमध्ये असे सहा रोल होतात. छोट्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून झाकण घट्ट लावलं तर सहा महिने टिकतो, अर्धी रिकामी बाटली मात्र लवकर जाते.

म्हणजे दुसरा प्रश्न हा की महिन्याला किती रोल मारता? दोन महिन्यांतून एखादाच असेल तर पावडर तुमच्यासाठी नाही, मग रोडिनल हा पातळ डेव्हलपर बघा. 1891 पासूनचा आहे, बाटली उघडली तरी वर्षानुवर्षं टिकतो, 1+50 ला 300 एमएलमध्ये जेमतेम सहा एमएल लागतो, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजायचा. पण 400 च्या (एचपी5 सारख्या जास्त वेगाच्या) रोलला तो दाणेदार ग्रेन देतो, मला स्वतःला आवडतो, पण घरच्यांचे चेहरे काढायचे असतील तर 100 चा (कमी वेगाचा) रोल घालावा. एचसी-110 हा दुसरा पातळ डेव्हलपर पण चांगला, फक्त नेहमीच्या 1+31 ला वेळ खूप कमी येते, एचपी5 ला 20 डिग्रीलाच पाच मिनिटं, आपल्याकडे उन्हाळ्यात कठीण. इल्फोसोल 3 सोपा म्हणून खूप जण सुचवतात, पातळ आहे, कालवाकालव नाही हे खरं, पण उघडलेली बाटली काही महिन्यांतच मरते. ते एका बाटलीत डेव्हलपर आणि फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) दोन्ही असतं ते मोनोबाथ तर शिकताना नकोच, चुकलं तर कुठे चुकलं तेच कळत नाही. कॉफीतला डेव्हलपर एकदा गंमत म्हणून करा, आईला आधी सांगून, वास घरभर राहतो.

बाटली जिवंत आहे का हे बघायला रोलची कापलेली जीभ (सुरुवातीचं बाहेर आलेलं टोक) टाकायची, अगदी उजेडात, डेव्हलपर चांगला असेल तर काही मिनिटांत काळीकुट्ट होते. होत नसेल तर लग्नाचा रोल त्यात घालू नका. ही दोन पैशाची गोष्ट प्रत्येक वेळी करावी.

आणि एक, हायपो म्हणजे फिक्सर. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतायचा नाही, कॅनमध्ये साठवून एखाद्या लॅबला विचारायचं. लेखात याचा उल्लेखच नव्हता.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत जागा असली तर चार-पाच नेहमीच्या रोलचा तक्ता छापा, डी-76 1+1 साठी, आणि त्यात 20 सोबत 24 आणि 26 डिग्रीचे रकानेही असू द्या. पुण्याच्या वाचकांना थंडीत 20 चा उपयोग होईल, आम्हाला बाकीच्या दोनचा.

आपला,
एक वाचक, लालबाग