मामा, त्या रविवारी तुमचा रतीब माझ्यामुळं चुकला

मामा,

मुंबईची मॅरेथॉन पळून परतले, त्याला आठ दिवस झाले. जो भेटतो तो विचारतो, "कितवा नंबर आला?" नंबर नाही, ४२.१९५ किलोमीटर पूर्ण केले, असं सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मेडल काय, पोचणाऱ्या सगळ्यांनाच देतात." घरातल्या एकानं तर अविनाश साबळेचंच नाव काढलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या त्या पोरानं २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण आणलं, त्याचा मलाही अभिमान आहे. त्याच वर्षी केनियाच्या केल्व्हिन किप्टमनं शिकागोत २ तास ३५ सेकंदांत मॅरेथॉन संपवली. मला ५ तास ५२ मिनिटं लागली. पण यांच्या पंगतीला बसायला मी गेलेच नव्हते.

तुम्ही नंबर विचारला नाही. फोनवर म्हणालात, "शेवटाला पळतच गेलाव का?"

पेडर रोडच्या चढावर चालले, मामा, खोटं सांगत नाही. शेवटाला मात्र पळतच गेले.

ऑगस्टमध्ये औसा रोडला पहिल्यांदा गाडी थांबवून तुम्ही विचारलं होतं, "ताई, येवढं पळलालाव, पाणी कुठंय?" पाणी नव्हतंच. पुढच्या रविवारपासून लातूरला दूध घालायला येता येता तुम्ही कडुलिंबाखालच्या दगडामागं दोन बाटल्या ठेवायला लागलात आणि परत जाताना रिकाम्या घेऊन जायचात. ढाब्यावरच्या पोरांना सांगितलंत, ताई आपली आहे, लक्ष ठेवा. पहाटे साडेचारच्या अंधारात एकट्या बाईला त्या एका वाक्याचा केवढा आधार असतो! सोयाबीन निघालं, तूर फुलली, माझं अंतर वाढत गेलं.

आणि नोव्हेंबरातला तो ३० किलोमीटरचा रविवार. अंगातली साठवलेली साखर संपत आली की पाय जड होतात, डोकं थांब म्हणतं. पळणारे त्याला 'वॉल' म्हणतात. मला ती सव्विसाव्या किलोमीटरलाच गाठली. रस्त्याच्या कडेला बसून मी रडले. तुम्ही गाडी लावली, गूळ-शेंगदाणे हातावर ठेवले आणि म्हणालात, "गाडीवर बसा म्हणणार नाही. मी मागं हाव." चार किलोमीटर तुम्ही पहिल्या गिअरात माझ्या मागं आलात. कॅन भरलेले होते, घरोघरी लोक दुधाची वाट बघत होते. तासभर उशीर झाला, बोलणी तुम्ही खाल्लीत, मला सांगितलंही नाही. मला ते महिन्यानं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

म्हणून कुणी "त्यात काय एवढं" म्हटलं की मी आता गप्प बसत नाही. जूनमध्ये बसस्टँडपर्यंत पळताना मला धाप लागत होती. वय ४३. तिथून सात महिने, अंधारात उठून, शाळेची नोकरी आणि घर सांभाळून मी त्या अंतरापर्यंत पोचले. ही मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यात तुमचा वाटा आहे. मुंबईत पस्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय जड झाले तेव्हा मला मागून तुमच्या गाडीचा आवाज ऐकू येत होता.

उद्या रविवार. कडुलिंबाखाली थांबा. बाटल्या ठेवू नका, चहा मी थर्मासमधून आणते. मेडलही आणते, तुमच्या नातीला हातात घेऊन बघायचंय म्हणालात ना.

तुमची,
औसा रोडची ताई