वय कमी म्हणून बायोप्सी टाळू नका: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री यांस,
स. न. वि. वि.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. काढलेले गर्भाशय माझ्या टेबलावर येते तोवर बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतात. हे पत्र त्याआधीच्या दिवसांबद्दल आहे.

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झालेल्या साधारण 5 टक्के स्त्रियांना त्याच वेळी अंडाशयाचाही कर्करोग असतो. पंचेचाळिशीच्या आत हे प्रमाण वाढते. काही अभ्यासांत ते 10 टक्क्यांपुढे गेले आहे. नेमक्या याच वयात पाळी बिघडली, अंगावरून जात राहिले, की हार्मोन्सची गडबड म्हणून गोळ्या सुरू होतात. बहुतेकींच्या बाबतीत निदान बरोबरही असते. पण वजन जास्त, पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार), किंवा घरात आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग झालेला, आणि गोळ्यांनीही रक्तस्राव थांबत नाही, अशा वेळी वय बघून थांबायचे कशाला? अस्तराचा तुकडा (बायोप्सी) बारीक नळीने, ओपीडीतच, काही मिनिटांत घेता येतो.

मूल हवे असेल तर निवडक रुग्णांत गर्भाशय न काढता प्रोजेस्टेरॉनच्या औषधांवर उपचार करता येतात. मात्र अंडाशयात गाठ दडलेली असेल तर हा मार्ग धोक्याचा. म्हणून आधी योनिमार्गे सोनोग्राफी आणि एमआरआय हवेतच. सीए-125 ही रक्तचाचणी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होता येत नाही.

याच्या उलटही घडते, आणि ते मला जास्त खुपते. गर्भाशय आणि अंडाशय दोन्हींत गाठ दिसली की ‘पसरला’ असे गृहीत धरून तिसरा टप्पा लिहिला जातो. पुढे केमोथेरपी, घरात हाय खाल्लेली माणसे. वास्तविक दोन्ही गाठी कमी आक्रमक (लो-ग्रेड) एंडोमेट्रिऑइड, म्हणजे अस्तराच्या पेशींसारख्या दिसणाऱ्या, प्रकारच्या आणि मर्यादित असतील, तर रुग्ण बहुधा चांगल्या राहतात. जनुकीय तपासणीत अशा अनेक जोड्या एकाच मुळाच्या, म्हणजे एकीकडून दुसरीकडे गेलेल्या, निघाल्या, तरी फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 2023 च्या वर्गीकरणाने काही अटींवर त्यांना पहिल्याच टप्प्यात, आयए3 मध्ये, बसवले. त्यामुळे अशा प्रत्येक रुग्णाच्या स्लाइड्स उपचारांआधी स्त्रीरोग-कर्करोगाच्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टने पुन्हा पाहाव्यात, असा नियम करा. अंडाशये काढण्यापूर्वी बीजांडे गोठवण्याबद्दल बोलणेही त्याच नियमात यावे.

शेवटची मागणी पैशांची आहे. एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2 आणि एमएसएच6 या डीएनएतील चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी अशा प्रत्येक गाठीवर सरकारी खर्चाने व्हावी. त्यातून लिंच सिंड्रोमचा (आतड्याच्या व गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाचा) संशय आला आणि जनुकीय चाचणीत तो पक्का झाला, तर रुग्णाच्या बहीणभावांचीही चाचणी करता येते. ज्यांच्यात दोष सापडेल त्यांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) वेळेत सुरू होईल.

आपली,
एक पॅथॉलॉजिस्ट