टॉर्क रेंच शिकवणाऱ्या शेजारच्या मामांस

ती. मामांस,
शि. सा. नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून चहाचा कप पुढं करता आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून हे उघड पत्र. शिवाय घरीच गाडी उघडायची हौस असलेले बरेचजण मला विचारतात, टॉर्क रेंच, म्हणजे नटबोल्ट किती पिळानं आवळतोय ते मोजणारा पाना, वापरायला कुणाकडून शिकलीस? त्यांनाही कळू दे, शिकवणारा कसा असतो ते.

मला हे शिकायचं होतं त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. रोज मोटारसायकलवरून कळे गाव ओलांडून गगनबावड्याच्या बाजूला शाळेवर जायचं. पावसाळ्यात त्या रस्त्यावर चिखलपाण्यानं चेन लवकर ढिली पडते. चेन ताणायची म्हणजे मागच्या चाकाचा एक्सल (आस) सोडून पुन्हा आवळायचा. तो किती आवळायचा? गॅरेजात विचारलं की उत्तर ठरलेलं: "हाताला कळतं." हे खोटं नाही. ज्याचा हात आयुष्यभर नटबोल्टांवर फिरलाय त्याला कळतंच. पण शिकणाऱ्यानं त्या उत्तराचं करायचं काय? त्यातच एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिलेली गाडी परत आली ती चेंबर नटाचे, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल काढायच्या नटाचे, आटे जाऊन. कुणीतरी हवेच्या गननं तो आवळला होता. नट पोलादी, चेंबर ॲल्युमिनियमचा, त्यामुळं आटे गेले ते चेंबरचे. तुम्ही हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून ते निस्तरलंत आणि हात पुसता पुसता म्हणालात, "बाळ, हे तू सोताच्या हातानं का करत न्हाईस?" एवढ्या साधेपणानं मला हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन जोडणीवर तुमची उभी हयात गेली. तुम्ही "हळूहळू हात बसेल" म्हणाला असता तर मी मान डोलावून घरी गेले असते. तुम्ही तसं केलं नाहीत. तुमच्या हातात जे होतं ते तुम्ही उलगडून दाखवलंत, आकड्यात आणून दाखवलंत. आभार मुख्यतः त्याचे आहेत.

पहिल्या रविवारी तर तुम्ही रेंच बाहेरच काढला नाहीत. शेडमधल्या व्हाइसमध्ये जाड पाइपचा तुकडा धरलात, त्यातून आठ मिलिमीटर जाडीचा आणि 100 मिलिमीटर लांबीचा बोल्ट घातलात, पलीकडून नट लावलात. मोठा मायक्रोमीटर घेऊन बोल्टची डोक्यापासून टोकापर्यंतची लांबी मोजलीत आणि आकडा मला वहीत लिहायला लावलात. मग नट आवळलात आणि मायक्रोमीटर माझ्या हातात दिलात. बोल्ट लांबला होता! मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून जरासा जास्त, पण मायक्रोमीटरवर स्वच्छ दिसत होता. नट सोडून पुन्हा मोजलं तर आकडा परत पहिल्या जागी. "बघितलंस? आपण बोल्ट ताणतोय. ताणलेला रबर मागं वडतोय का न्हाई, तसा ह्यो वडतोय, म्हणून दोन भाग धरून ऱ्हातात."

टॉर्क म्हणजे बळ गुणिले मध्यापासूनचं अंतर, हे मी वर्गात मुलांना कित्येकदा सांगितलंय. पण त्या पिळाचं पुढं बोल्टात काय होतं, ते त्या सकाळी डोळ्यांनी दिसलं. ताण कमी पडला तर बोल्ट थरथरीनं सुटत जातो. अति झाला तर बोल्ट मूळ लांबीवर परत येत नाही, मान तरी तुटते नाहीतर आटे उपसून येतात. कंपनीच्या पुस्तकातला आकडा या दोन्हींच्या मधली जागा सांगतो.

लगेच तुम्ही दुसरी गोष्ट सांगितलीत, जी मला कुठल्याच गॅरेजात ऐकायला मिळाली नव्हती. आपण लावलेल्या पिळातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे आट्यांना तेल आहे, गंज आहे की वाळू, यावर सगळं फिरतं. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांवर वापरला की रेंच बरोबर सांगतो आणि बोल्ट तरीही जादा ताणला जातो. आता आटे फडक्यानं पुसल्याशिवाय मी बोल्ट लावत नाही, आणि तेल लावते ते पुस्तकात लिहिलं असेल तिथंच.

रेंच घ्यायला तुम्ही बरोबर आलात हे फार बरं झालं. दुकानदार एकच मोठा रेंच दाखवत होता, अर्ध्या इंची चौकाचा (सॉकेट बसतं त्या चौकोनी टोकाचा), 42 ते 210 न्यूटन मीटर टॉर्कचा. तुम्ही म्हणालात, एक्सलला हा चालेल, पण क्लच कव्हरच्या सहा मिलिमीटरच्या बोल्टांना जेमतेम 10 न्यूटन मीटर लागतात, तिथं हा आंधळा. रेंचवर भरवसा ठेवायचा तो त्याच्या कमाल आकड्याच्या वीस टक्क्यांपासून वर. 210 चे वीस टक्के म्हणजे 42, म्हणून पट्टी तिथंच सुरू होते. लहान बोल्टांसाठी पाव इंची चौकाचा 5 ते 25 चा वेगळा घ्यायला लावलात. खर्च वाढला, पण तुमचं बरोबर होतं. मोटारसायकलवर नाजूक जागी बसलेले बोल्ट बहुतेक या लहान रेंचचेच असतात.

मुठीवरचे आकडे वाचायला तुम्ही तिथंच दुकानाच्या पायरीवर शिकवलंत. दांड्यावर 14-14 च्या पायऱ्या, फिरत्या मुठीवर एकेक. 80 लावायचे तर दांड्यावर 70 आणि मुठीवर 10. मायक्रोमीटरचीच रीत, तुम्ही म्हणालात, आणि आदल्या रविवारी तो हाताळलेला असल्यामुळं मला ते लगेच उमगलं. मगच लक्षात आलं की शिकवण्याचा क्रमसुद्धा तुम्ही ठरवून लावला होता. मी स्वतः शिक्षिका आहे मामा, ही तयारी किती अवघड असते ते मला कळतं.

रेंच चालवायची रीत तशी थोडक्यात सांगून होते. बोल्टचे पहिले आटे बोटांनी फिरवायचे. मूठ मधोमध धरायची, झटका न देता सावकाश ओढायचं, लावलेल्या आकड्याला क्लिक झालं की थांबायचं. खात्रीसाठी पुन्हा एकदा वाजवायचं नाही, कारण त्या दुसऱ्या ओढीत बोल्ट अजून थोडा फिरू शकतो. ह्या रेंचनं बोल्ट सोडवायचा नाही. लहान आकड्यावर क्लिक कानाला ऐकू येईलच असं नाही, ते तळव्याला जाणवतं. यासाठी तुम्ही शेजारी रेडिओ मोठ्यानं लावून मला क्लच कव्हरचे बोल्ट आवळायला लावलेत, समोरासमोरचे, आधी निम्म्या आकड्यावर आणि मग पुऱ्या. गाण्याच्या गोंगाटात तळव्याला तो बारीक हिसका कळायला लागला तेव्हा तुम्ही रेडिओ बंद केलात.

आता मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सांगते. तुम्ही स्वतः साधा टी-पाना घेऊन आठ मिलिमीटरचे आणि सहा मिलिमीटरचे काही बोल्ट नुसत्या हाताच्या अंदाजानं आवळलेत आणि मला तपासायला बसवलंत. आठचे बोल्ट तुमच्या जुन्या काट्याच्या रेंचनं पाहिले. त्यावर किलोग्रॅम-मीटरचे आकडे आहेत, आणि एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे 9.81 न्यूटन मीटर. बोल्ट हलायला लागतो तिथं काटा वाचायचा. सगळे अडीचच्या आसपास, म्हणजे 25 न्यूटन मीटर, जेवढे हवेत तेवढेच. मी थक्क झाले. मग सहाचे बोल्ट लहान रेंचनं पाहिले. 10 ला क्लिक झालं आणि बोल्ट जागचा हलला नाही. आकडा चढवत गेलो तसे काही बाराला हलले, काही चौदाला. तुम्ही ते शांतपणे पाहिलंत आणि म्हणालात, "बारक्या बोल्टाला माझा हात जड पडतोय. चाळीस वर्सं झाली तरीबी. म्हणून तुला म्हणतोय, मोजत जा."

शिकायला आलेल्या माणसासमोर स्वतःचा हात असा तपासायला देणं सोपं नसतं. तुमच्या हाताला मान आहे, उद्यमनगरात अजून लोक तुमच्याकडं अडलेलं इंजिन घेऊन येतात. त्या मानाची तुम्ही जराही फिकीर केली नाहीत. त्या वाक्यानंतर मला मापाचा धीर आला आणि तुमच्याविषयीचा आदर दुणावला.

बादलीचा प्रयोग तर आता माझ्या नववीच्या वर्गात पोचलाय. नवा रेंच खरं बोलतो का, हे घरच्या घरी पाहायची तुमची ती युक्ती. चौक व्हाइसमध्ये घट्ट धरायचा, दांडा आडवा, मुठीच्या मध्याला दोरीनं रंगाची रिकामी बादली टांगलेली. चौकापासून मुठीच्या मध्यापर्यंत अंतर 40 सेंटिमीटर. रेंच 80 वर लावलेला. हिशेब तुम्ही मला करायला दिलात: 80 भागिले 9.81 भागिले 0.40, म्हणजे साधारण 20.4 किलो. त्यातून बादलीचं वजन वजा, रेंचच्या स्वतःच्या वजनाचा वाटा वजा, उरलं पावणेएकोणीस लिटरच्या आसपास पाणी. मामींकडचं दुधाचं लिटरचं माप आणलं आणि ओतत गेलो. सोळा, सतरा, अठरा. पुढं तांब्यानं, थेंब थेंब म्हणावं इतकं हळू. हिशेबाला धरूनच खटकन आवाज झाला आणि बादली बोटभर खाली आली. रिकामी करून पुन्हा भरली, आकडे फारसे हलले नाहीत. असल्या रेंचला चार टक्के इकडंतिकडं चालतं, म्हणजे या हिशेबात पाऊण लिटरभर पाणी, हेही तुम्ही तेव्हाच समजावलंत. मुलांना हा प्रयोग दाखवला तेव्हा मागच्या बाकावरची, एरवी खिडकीबाहेर बघणारी पोरंही पुढं येऊन पाणी ओतायला मागत होती.

आता घरी काय काय करते ते कळवते, कारण तुम्ही विचारता आणि मी घाईत असते. इंजिन ऑइल मीच बदलते, चेंबर नटाचा वायसर दर वेळी नवा घालते. प्लग थंड इंजिनातच बसवते, आधी बोटांनी, मग लहान रेंचनं. दहा मिलिमीटर आट्याचा प्लग आणि ॲल्युमिनियमचा हेड असेल तर 10 ते 12 न्यूटन मीटर पुरतात, हे कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलंय. गाडीच्या पुस्तकातला तक्ताही शेजारी आहे. त्यात फूट-पौंडाचा रकाना तुमच्या सांगण्यावरून लाल पेननं खोडून टाकलाय. एक फूट-पौंड म्हणजे 1.356 न्यूटन मीटर, आणि घाईत डोळा चुकीच्या रकान्यावर गेला की बोल्टावरचा पीळ कमी-जास्त झालाच. चेन ताणल्यावर एक्सल मोठ्या रेंचनं आवळते आणि नटाला स्प्लिट पिन (नट सुटू न देणारी) असेल तर ती नवी घालते. ब्रेकचं काम मात्र अजून तुम्ही शेजारी असल्याशिवाय करत नाही, आणि करणारही नाही.

गगनबावड्याच्या पावसात, समोर धुकं आणि बाजूला दरी असताना, मागचं चाक कसं बसवलंय हे मला नेमकं माहीत असतं. त्या भरवशासाठी तुमचे मनापासून आभार. मामींचेही, कारण दुधाचं माप, रविवारची दुपार आणि तुमची शेड, या तिन्हींवर आधी त्यांचा हक्क होता.

दोन्ही रेंच काम झालं की सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून डब्यात ठेवते. मोठ्याला आता वर्ष होत आलं. बारा महिने किंवा 5000 वेळा वापर, यांतलं जे आधी होईल तेव्हा तपासून घ्यायचा, असं तुम्हीच सांगितलं होतंत. या महिनाअखेरीस तो एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत देणार आहे. तुमचा काट्याचा रेंचही बरोबर नेऊ का, ते मामींकडं निरोप ठेवून कळवा. आणि पुढच्या रविवारी टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची फट, बघायचेत. फट मोजायच्या पात्यांचा फीलर गेज माझ्याकडं आहे, तुम्ही फक्त या.

तुमची,
शेजारची मास्तरीणबाई