बियाणं धरायची वेळ दसऱ्याची, मृगाची नव्हे

संपादक महोदय,

मे महिना लागला की पुरवण्यांमधून परसबागेवर मजकूर येऊ लागतो. बी कुठून आणावं, किती खोल पेरावं, आळं केवढं करावं. मजकूर उपयोगाचा असतो, पण बियाण्याच्या हिशेबाने तो सहा महिने उशिरा येतो. घरच्या वेलाचं बी धरायचं काम दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचं. मृगाला पेरलेले वेल तेव्हा उतरणीला लागलेले असतात, ऑक्टोबरचं ऊन वाळवणाला मदत करतं आणि दिवाळीच्या सुट्टीमुळे आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे घरी असतात. सोलणं, पाखडणं, निवडणं, चिठ्ठ्या लिहिणं हे एकट्याने उरकायचं काम नव्हेच.

पहिली चूक फळ निवडतानाच होते. चांगली फळं भाजीला जातात आणि पानाआड राहून गेलेलं, वाकडं, शेवटचं फळ ‘राहू दे बियाला’ म्हणून सोडलं जातं. तोवर वेल दमलेला असतो, पानांवर भुरी (पांढरी, पिठासारखी बुरशी) चढलेली असते आणि बी पोचट निघतं. खरं तर भाद्रपदातच निरोगी वेलावरचं, मधल्या बहरातलं, नीट भरलेलं फळ हेरून देठाला रंगीत दोरा बांधून ठेवावा, म्हणजे भाजी तोडणाऱ्याचा हात तिथे थांबतो. एका वेलावर एखादंच फळ राखावं, कारण फळ जून होऊ लागलं की वेल नवी फळं कमी धरतो. जमलं तर तीन-चार वेलांचं बी एकत्र करावं.

दोडका आणि घोसाळं सर्वांत सोपं. साल तपकिरी होऊन फळ हलकं झालं आणि हलवल्यावर आत खुळखुळू लागलं की काढावं. टोकाची टोपी मोडली की काळं बी आपोआप गळतं. घोसाळं थोडा वेळ पाण्यात भिजवून साल काढली की अंग घासायची जाळी मिळते, ती मुलांकडे सोपवावी. भीती असते परतीच्या पावसाची. वाळत आलेलं फळ भिजलं तर आत बुरशी धरते, कधी बी फळातच रुजतं. आभाळ भरून आलं तर साल पूर्ण तपकिरी व्हायची वाट पाहू नये. देठासकट तोडून पडवीत टांगावं. दुधीचंही असंच. टांगलेल्या दुधीच्या सालीवर बुरशीचे डाग दिसतात, त्याने घाबरायचं कारण नाही. आतलं बी खुळखुळतंय ना, एवढं पाहावं. मात्र ज्या वेलाचा दुधी कडू निघाला, त्याचं बी कितीही टपोरं असलं तरी फेकून द्यावं. हा कडूपणा विषारी असतो आणि बियातून तो पुढच्या पिढीत उतरू शकतो. चव घ्यायची ती त्याच वेलाच्या कोवळ्या फळाची, जिभेच्या टोकावर, आणि लगेच थुंकायची.

काकडीचं तंत्र वेगळं. कोकणात धोंडस (काकडीचा गोड केक) करायला जून, पिवळं पडलेलं तवसं, म्हणजे मोठी काकडी, किसतात, तेव्हा बी आयतंच बाजूला निघतं आणि बहुतेक घरांत ते उकिरड्यावर जातं. गरासकट ते काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढावं, वर फडकं बांधावं आणि दिवसातून दोनदा ढवळावं. ऑक्टोबरच्या उकाड्यात दोन दिवसांत ते आंबून वर फेस येतो. वास मात्र येतो, भांडं स्वयंपाकघरात ठेवू नये. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, आंबवण्याने ते सुटतं. मग पाणी घालून ढवळलं की भरलेलं बी तळाशी बसतं आणि पोचट बी गरासोबत वर तरंगतं. ते ओतून द्यावं. तिसऱ्या दिवसापुढे ठेवलं तर भांड्यातच मोड फुटतात. टोमॅटोलाही हीच रीत.

लाल भोपळा देठ वाळून लाकडासारखा झाल्यावर आणि सालीत नख शिरेनासं झाल्यावरच काढावा. चार बोटं देठ ठेवून कापावा, देठाला धरून उचलू नये. तो निखळला की तिथूनच कुजायला सुरुवात होते. तोडल्या तोडल्या फोडण्याची घाई करू नये. तीन-चार आठवडे घरात राहिला की बी आणखी भरतं. मग घारगे करायच्या दिवशी दोन्ही कामं होतात.

धुतलेलं बी कागदावर पसरू नये, अगदी आपल्या वृत्तपत्रावरसुद्धा. ते चिकटतं आणि सोडवताना साल निघते. ताट किंवा सूप बरं. सकाळचं कोवळं ऊन दहापर्यंत, पुढे सावली, असं आठ-दहा दिवस. दुपारी पत्र्यावर ठेवलेलं बी वरून खडखडीत दिसतं, पण आतला अंकुर भाजून निघतो. भोपळ्याचं बी वाकवल्यावर कट्कन मोडलं पाहिजे. नुसतं वाकलं तर अजून ओल आहे. चवळीच्या दाण्यावर दात उमटता कामा नये.

चवळी आणि श्रावणघेवड्यात परागीभवनातून दुसऱ्या वाणाची भेसळ होण्याची चिंता जवळपास नसते, त्रास असतो भुंग्याचा. त्याची अंडी शेंगेवर परसातच घातली गेलेली असतात, म्हणून डबा कितीही घट्ट असला तरी भुंगे आतून निघतात. चाळलेली, पूर्ण थंड चुलीची राख दाणे बुडतील इतकी घालावी. फटी बुजतात आणि किड्याला हलता येत नाही. शहरात राख नसेल तर खडखडीत वाळलेले दाणे घट्ट झाकणाच्या बरणीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, नाहीतर दाण्यांना पाणी सुटतं.

पाकिटावर ‘संकरित’ किंवा ‘एफ-१’ (दोन वेगळ्या वाणांच्या संकराची पहिली पिढी) असेल तर त्या फळाचं बी धरण्यात अर्थ नाही. पुढची झाडं नाना तऱ्हेची निघतात. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणातही शेजारच्या कुंपणावर वेगळ्या जातीचा दुधी असेल तर भेसळ होते. दुधी आणि काकडी यांचा मात्र संकर होत नाही. भोपळ्याचा वाण जपायचा असेल तर उद्या उमलणारी एक नर आणि एक मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधावी. मादीच्या मागे इवलंसं फळ असतं, ती ओळखायला मुलंही चुकत नाहीत. सकाळी नर फुलाच्या पाकळ्या काढून ते मादीच्या मध्यावर फिरवावं आणि ती पुन्हा बांधून ठेवावी. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात, तिथे वेळ बदलते.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांच्या घरच्या बियाणे बँकेची छायाचित्रं सर्वत्र छापून आली. ते बी कोणत्या महिन्यात आणि कसं धरलं जातं, याला तेवढी जागा मिळाली नाही. म्हणून विनंती अशी, की घटस्थापनेच्या सुमारास आपल्या पुरवणीत बियाण्यासाठी अर्धा रकाना तरी राखावा. चिठ्ठीवर नुसतं ‘काकडी’ न लिहिता वाण कुणाकडून आला, कुठल्या वर्षीचा, फळ कसं होतं हेही लिहायला सांगावं. अक्षय तृतीयेच्या सुमारास ओल्या फडक्यात वीस बिया गुंडाळून आठ दिवसांनी मोड मोजायचे, चौदा-पंधरा निघाले तर पेरणीला हरकत नाही, हेही त्यातच यावं. वाल, पावटा आणि तुरीचं बी पौष-माघात धरतात, त्यांना आणखी वेळ आहे.

आपला,
एक वाचक,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी