खासबागेच्या रोलबद्दल

बर्लिन, रविवार

प्रिय दादा,
सा. नमस्कार.

खासबागेतल्या कुस्त्यांचे चारही रोल धुऊन झाले, आता फोटो कुठला घ्यायचा असं तू विचारलंस. आधी कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेली सगळ्या फ्रेमची छोटी प्रिंट, नीट निघू दे.

३६ फ्रेमचा रोल सहा-सहाच्या पट्ट्यांत काप, ८×१० इंचांच्या एका कागदावर मावतो. पट्टीची मंद, न चकाकणारी बाजू खाली, कागदाची इमल्शनची (उजेड टिपणाऱ्या लेपाची) बाजू वर, त्यावर जाड काच. पट्टी उलटी पडली तर फ्रेमचे आकडे उलटे दिसतील. कागद ग्रेड २ (मध्यम कॉन्ट्रास्टचा), एन्लार्जरची लेन्स एफ ८ वर. रोलच्या टोकाचा रिकामा तुकडा ठेवून कागदाला दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्यांनी वाढता उजेड दे. कडेच्या भोकांचा काळा आणि फिल्मचा काळा जिथे पहिल्यांदा सारखा वाटेल, ती तुझी वेळ. हे कागद वाळल्यावर बघ, ओला असताना तो उजळ दिसतो. मग चारही रोलना तीच वेळ. त्यात काळपट आलेल्या फ्रेमला उजेड कमी पडला होता, फिकट आलेलीला जास्त.

पण काळपट दिसली म्हणून फ्रेम लगेच बाद करू नकोस. शीटवरचं पुसटपणही कित्येकदा काच नीट न दाबल्याचं असतं. निगेटिव्ह लाइटबॉक्सवर आठपट भिंगाखाली बघ.

निवडताना ओळ सलग वाच. डाव बसतो त्या फ्रेममध्ये पाय हवेत असतात, पण दोघांची तोंडं मातीकडे. त्याच्या आधीच्या फ्रेममध्ये पकड, डोळे आणि मागचे वस्ताद एकत्र सापडतात. मी तीच घेईन. पहिल्या फेरीत लाल मेणपेन्सिलीने नुसता ठिपका दे. चार दिवसांनी दुसरी फेरी, तेव्हा चौकट. काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे शीटवर सरकवून कड कुठे कापायची ते ठरव. दहा-बारा फ्रेमच्या ५×७ प्रिंट काढून आठवडाभर भिंतीवर लाव.

फार थोडे उरले तरी खट्टू होऊ नकोस. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँकने १९५५ पासून अमेरिकाभर फिरून २७,००० च्या वर फ्रेम काढल्या, ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ८३ ठेवल्या.

शीटच्या मागे आणि निगेटिव्हच्या पाकिटावर एकच नंबर घाल. आपल्याकडच्या पावसात बुरशी धरते, तेव्हा पाकिटं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. आईबाबांना नमस्कार.

तुझा,
धाकटा