सामानाची यादी कर गं

बाय,

काल फोनवर म्हणालीस, घराचा विमा काढला, सुटले एकदाची. सुटली नाहीस अजून. घरात काय काय आहे ते लिहून ठेवायचं राहिलंय आणि ते कोणीच करत नाही, आम्ही तरी कुठे केलं होतं.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तू पुण्यात होतीस. चिखल उपसून झाल्यावर विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फ्रिज किती लिटरचा, कुठलं मॉडेल, कधी घेतला असं विचारायला लागला, तर तुझे बाबा म्हणाले, पांढरा होता! बिलं होती गं, सगळी नीट फायलीत लावलेली, पण फाइल कपाटाच्या खालच्या खणात, तिचा पार लगदा झाला. शिलाई मशीन मला गणपतीत आठवलं आणि पितळी सोऱ्या थेट दिवाळीत चकल्या करायला बसले तेव्हा, तोवर क्लेमचे कागद कधीच गेलेले.

तर रविवारी मोबाइलवर व्हिडिओ काढ, एकेक खोली, कपाटं उघडून, माळासुद्धा, आणि काढता काढता बोलत जा की हे कधी घेतलं, कितीला घेतलं. टीव्ही, वॉशिंग मशीनच्या सिरियल नंबरच्या स्टिकरचे फोटो घे. दुकानातली ती गुळगुळीत कागदाची बिलं सहा महिन्यांत कोरी होतात, त्यांचे आजच फोटो काढ. दागिन्यांचं वजन आणि हॉलमार्कजवळचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, लिही. आजीच्या पाटल्यांना बिल कुठलं असणार, त्यांचं सोनाराकडून व्हॅल्युएशन करून घे. आणि हे सगळं नुसतं फोनमध्ये नको, मला आणि दादालाही पाठव.

तुझी पॉलिसी भारत गृह रक्षाच आहे ना? त्यात घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं सामान आपोआप धरतात, पण दागिन्यांचं कव्हर वेगळं मागावं लागतं, ते घेतलंस का बघ. लॉकरात आहेत म्हणून निर्धास्त राहू नको, चोरी झाली किंवा आग लागली तर बँक वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच देते, आणि पुरासारख्या आपत्तीत सहसा तेही नाही.

ठुशी यादीत घालू नकोस हं, ती अजून माझ्याकडेच आहे.

आई