स्टॉक जुळत नाही

धनकवडी, पुणे
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय दत्ता,

स.न.वि.वि. वगैरे लिहिलं तर तू पाकीट न फोडताच परत पाठवशील, म्हणून थेट सुरू करतो. परवा फोनवर तू विचारलंस, "विन्या, दवाखान्याचं कसं भागवता रे तुम्ही दोघं?" आणि मी "चाललंय" म्हणून गाडी तुझ्या हळदीवर नेली. धाकटी बहीण कुमुद समोरच मेथी निवडत बसली होती. तिच्यासमोर पैशाचा विषय निघाला की ती पुढचे दोन दिवस एक पोळी कमी खाते. आत्ता ती झोपलीय. तेव्हा फोनवर गिळलेलं लिहून काढतो.

तुझा दुसरा प्रश्न त्याहून मोठा. वाईची पाच गुंठे विकून पुण्यात यावं का, म्हातारपणी निदान मोठे दवाखाने हाताशी राहतील. हाताशी आहेत हे खरं. आमच्या गच्चीवरून तीन दवाखान्यांच्या पाट्या दिसतात, रात्री लाल-निळे दिवे लागले की जत्रा भरल्यासारखी वाटते. पण आधी भाद्रपदात काय झालं ते ऐक, मग जमिनीचं बोलू.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कुमुद मोरीत घसरली. तिचं चालणं तुला आठवत असेल, पोलिओच्या डाव्या पायाला आधाराचं कॅलिपर आणि उजव्या काखेत कुबडी. पडताना नेमका उजवा हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं. तिचा खरा पाय म्हणजे तो हात. सोसायटीतल्या दोन पोरांनी खुर्चीत बसवून तीन जिने उतरवली. रिक्षा केली आणि एका ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात नेली. मी मनात सगळं पाठ करून गेलो होतो. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत ठेवायच्या आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या, ही हायकोर्टानं २००६ साली लावून दिलेली योजना. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर दुर्बल. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे ऐकून घेतलं. पोरगी वाईट नव्हती. म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे, पण ते खाटांचं आहे. आजींना खाट कुठं लागणारे? प्लास्टर घालून घरीच जायचंय ना? तरी समाजसेवकांशी बोला. ते सोमवारी येतात." त्या दिवशी बुधवार होता. दोनदा एक्स-रे, प्लास्टर, इंजेक्शन, डॉक्टरांची फी, औषधं मिळून ११,४०० रुपये भरले आणि घरी आलो.

तिथून खरा खर्च सुरू झाला. हात प्लास्टरमध्ये म्हणजे कुबडी बंद. कुबडी बंद म्हणजे बाई जागेवर. आंघोळ, संडास, साडी, वेणी. भाऊ झाला तरी मी काय काय करणार, आणि तिनंही का करू द्यावं? ब्युरोला फोन करून बारा तासांची मावशी ठेवली, ७०० रुपये रोज. मावशी लाख माणूस होती, सोलापूरकडची, कुमुदला ओव्या म्हणून दाखवायची. सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस. झाले २९,४००. आता माझं पेन्शन ऐक. महिन्याला २,१४० रुपये, वर्षाचे २५,६८०. म्हणजे मनगटाच्या एका हाडाची नुसती सोबत माझ्या वर्षभराच्या पेन्शनला पुरून उरली.

पेन्शनचं तुला काय सांगायचं, आपण दोघं एकाच ईपीएस-९५ या पीएफच्या पेन्शन योजनेतले. पगार कितीही असो, मी निवृत्त झालो तेव्हा हिशेब ६,५०० वर धरायचे. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं, ७० नं भागायचं. मार्च २०१४ मध्ये जो आकडा कागदावर आला तोच आजही येतो, महागाई भत्त्याचा पत्ता नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारनं किमान पेन्शन १,००० रुपये केलं, ते अजून तिथंच आहे. समोरचे झेडपीतले मास्तर दर सहा महिन्यांनी वाढलेला भत्ता सांगायला येतात आणि माझा चहा पिऊन जातात. भला माणूस आहे, पण त्या दिवशी मी चहात साखर कमी घालतो.

बाकी पोस्टातल्या ९ लाखांचं व्याज, तिमाहीला १८,४५० रुपये. पोरगा निखिल महिन्याला आठ हजार देतो. त्याचे वाकडच्या फ्लॅटचे हप्ते आहेत, पोरीची शाळा आहे. त्याच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील किंवा सासू-सासरे, दोन्हींपैकी एकच जोडी बसते. त्याच्या सासऱ्यांची बायपास झालेली, म्हणून मीच त्याला म्हटलं त्यांना घाल. आणि आत्या कुठल्याच कंपनीच्या विम्यात बसत नाही, अगदी तिनं पोराला मांडीवर वाढवलेलं असलं तरी. माझी स्वतःची पॉलिसी होती. ३१ हजारांचा हप्ता एका वर्षात ५८ हजार झाला तेव्हा, २०२४ मध्ये, मी ती सोडली. आणि जानेवारी २०२५ मध्ये नियम आला की ज्येष्ठांचा हप्ता परवानगीशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा नाही. पुढं सप्टेंबरात हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. मी उतरल्यावर बस रिकामी झाली म्हण ना. आता नव्यानं घ्यायला वयाची आडकाठी नाही म्हणतात, पण साखर, बीपी सांगितलं की जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबा.

योजना नाहीत असं म्हणायची सोय नाही, दत्ता. महात्मा फुले योजनेत आता पांढरं रेशनकार्डही चालतं, ५ लाखांपर्यंत. मला मार्चमध्ये सत्तर पूर्ण होतील की आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळेल, त्याचेही वर्षाला ५ लाख, आणि तिथं उत्पन्न कुणी विचारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा म्हातारा व्हायची वाट बघतोय. कुमुद सहासष्टची, तिला ते कार्ड नाही. पायानं तिनं तीन वर्षांची असतानाच सत्तरी गाठली होती, पण कार्ड जन्मतारीख बघतं. असो. माझं रडगाणं वेगळंच आहे. हे सगळे लाख ॲडमिट झालात तर. हृदय बंद पडू दे, मी पाच लाखांचा धनी. घरात धड उभा आहे तोवर माझी किंमत शून्य. आणि आपल्यासारख्यांचा पैसा जातो तो धड उभं राहण्यात. माझ्या साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या, तिचा आठवड्यातून दोनदा फिजिओ, तपासण्या, जाता-येता रिक्षा. बसची पायरी तिला चढवत नाही, म्हणून रिक्षा ही आमच्याकडे चैन नाही, औषधातच धरावी लागते.

कॅलिपरचं तर स्वतंत्र पुराण आहे. तिचं पहिलं कॅलिपर वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमधलं. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या जवानांसाठी १९४४ साली ते निघालं, पण आमच्या आईनं तिला कडेवर घेऊन तिथं बऱ्याच खेपा घातल्या होत्या. लोखंडी सळ्या, चामडी पट्टे, गुडघ्याला कुलूप. बसताना कुलूप काढायचं, उठताना लावायचं, त्याचा खट् असा आवाज. लहानपणी आमच्या वाड्यात कुमुद आली हे त्या आवाजावरून कळायचं. आता वय झालं तसं धड पायातलंही बळ चाललंय. पोलिओ झालेल्यांना उतारवयात असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. हलकं प्लास्टिकचं कॅलिपर करा म्हणाले. मापाचं करून घ्यायला १८,००० रुपये. ते कुठल्याच ५ लाखांत बसलं नाही. शिबिरात एक फुकट मिळालं होतं, ते मापाचं नव्हतं, मांडीला जखम झाली आणि तिच्या मलमपट्टीचा खर्च वेगळा. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त झाला म्हणून बातम्यांत आलं तेव्हा ह्याच बाईनं सबंध बिल्डिंगला पेढे वाटले होते. मी तेव्हा चिडलो होतो, तुला काय मिळालं म्हणून. म्हणाली, "दादा, आता कुणाच्या घरात खट् वाजणार नाही."

आता मुख्य गोष्ट, जी कुमुदसमोर बोलता येत नव्हती.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी मेडिकलमध्ये जातो. बऱ्याचशा गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळतात, तिथं निम्म्याहून स्वस्त पडतात. जी तिथं नसते ती नेहमीच्या दुकानातून. डिसेंबरात पैसे थोडे कमी होते. मी म्हटलं, पंधराची स्ट्रिप नको, सहाच द्या. पोरानं कात्री घेतली आणि स्ट्रिप करकर कापली. माझ्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर नाव अर्धंच होतं आणि एक्स्पायरीची तारीख त्याच्याकडच्या तुकड्यात राहिली. माझ्या मागं एक बाई उभ्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी पुढं होऊन हळूच सांगितलं, "मला उरलेल्या नऊमधल्या चार." आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

घरी येऊन डबे भरायला बसलो. तुला ठाऊक आहे, बत्तीस वर्षं मी भोसरीत स्टोअर सांभाळलं. बिन कार्डात, म्हणजे कप्प्यातल्या मालाच्या नोंदीत, तीन नट जास्त दिसले तरी मला झोप लागायची नाही. कुमुदच्या डब्यात बीपीच्या आठ गोळ्या असायला हव्या होत्या, निघाल्या एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीसच. मी काही न बोलता डबा तिच्यासमोर ठेवला. ती म्हणाली, "एक दिवसाआड घेतेय. काही होत नाही." मी आवाज चढवला. ओरडलोच म्हण. ती ऐकून घेत होती. मग कुलूप लावलं, खट्, उठली, कपाटाशी गेली आणि माझा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "हाही मोज."

मी मोजला नाही. मला आकडा माहीत होता.

त्या रात्री दोघांनी गोळ्या घेतल्या आणि पिठलं-भात खाल्ला. त्यानंतर रोज सकाळी आम्ही एकमेकांसमोर गोळी घेतो, शाळेतल्या पोरांनी पहारा द्यावा तशी. दोघांच्या डब्यांची बिन कार्डं केलीत, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. स्टॉक सध्या जुळतोय. पोस्टातल्या पैशांतून एक मुदत मोडायची असं ठरवलंय, व्याज कमी झालं तर झालं.

आता तुझं. आठवतं, २००१ मध्ये माझा पगार ६,५०० च्या वर गेला आणि ईएसआय, म्हणजे पगारातून कापून मिळणारा कामगारांचा आरोग्य विमा, सुटलं तेव्हा मी सगळ्या सेक्शनला मिसळ खिलवली होती? कापायचे पैसे वाचले, साहेब झालो. तुझा पगार मर्यादेतच अडकला म्हणून तू हळहळला होतास. मर्यादा वाढत गेली, तू शेवटपर्यंत ईएसआयमध्ये राहिलास आणि त्यातूनच निवृत्त झालास. दत्ता, तुला माहितीय का, ईएसआयमध्ये असताना निवृत्त झालेल्याला, पाच वर्षं वर्गणी भरलेली असली की वर्षाला फक्त १२० रुपये भरून नवरा-बायकोला उपचार मिळतात? गोळ्या, तपासण्या, सगळं धरून. तू अजून ते केलेलं नाहीस याची मला खात्री आहे, कारण कागद म्हटलं की तू शेतात पळतोस. बिबवेवाडीत ईएसआयचं मोठं हॉस्पिटल आहे, माझ्या घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. रांग लागते, खोटं कशाला सांगू. पण वहिनींच्या गुडघ्यांचं आधी तिथंच दाखवू. बाहेर कुणी बदलायचं म्हणालं तर एवढं ध्यानात ठेव, साध्या कृत्रिम गुडघ्याची किंमत सरकारनं २०१७ मध्ये ५४,७२० रुपयांवर बांधली होती. बिलात त्याशिवाय काय काय लावलंय ते बघायचं.

तेव्हा जमीन विकू नकोस. पाच गुंठ्यांचे जे येतील ते इथं दोन वर्षांच्या भाड्यात आणि डिपॉझिटात जातील, आणि वहिनींना तिसऱ्या मजल्यावर चढवायला तू मला हाका मारशील. हळद लाव. दवाखान्यासाठी महिन्यातून एकदा एसटीनं ये, आपल्याला अर्धं तिकीट आहे, वहिनींनाही.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी या दोघं. येताना ईएसआयचं जुनं कार्ड, कंपनीचा निवृत्तीचा कागद, आधार, बँकेचं पासबुक आणि दोघांचा एकत्र फोटो आण. फोटो आजचा हवा, तुझा लग्नातला नको. आमच्या जिन्याला ४८ पायऱ्या आहेत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सोसायटीनं एक प्लास्टिकची खुर्ची ठेवलीय, वहिनींना तिथं दम खाऊ दे. कुमुद तिळाच्या वड्या करणार आहे, मनगट अजून पूर्ण वळत नाही, तेव्हा लाटायचं काम वहिनींच्या गळ्यात पडणार हे आत्ताच सांगून ठेव.

निखिलचा फोन आला तर गोळ्यांचं बोलू नकोस. बाकी काय वाटेल ते बोल.

तुझा,
विन्या

ता.क. कुमुद उठली. काय एवढं लिहितोयस म्हणून विचारतेय. हळदीचा भाव विचारतोय म्हणून सांगितलंय, तर तेवढा कळव.